चार दारं, एक कान

काकूंना गाडीत पुढे बसायला मनाई होती, आणि त्याला कारण एकच. त्या बोलायच्या.

आता बोलत कोण नाही? पण काकूंचं बोलणं म्हणजे उघडा राहिलेला नळ. गॅस बंद केला का, इथून सुरुवात व्हायची आणि गल्लीचं टोक येईपर्यंत दोन घरांची भांडणं, एकाचं मोडलेलं लग्न आणि स्वतःचा गुडघा एवढं सगळं उरकून व्हायचं. आणि पदरी पडलेला नवरा कोण, तर उस्ताद. बस डेपोत इंजिनांच्या खात्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांची सगळी विद्या कानात. बस फाटकातून आत वळली की हे चहाचा कप तोंडाला लावल्या लावल्या सांगणार, "नोझल चोंदलंय हिचं, मागे घ्या." उघडून बघावं तर नोझल चोंदलेलंच. लोकांनी उस्ताद म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच त्यांच्या डोक्यात जरा हवा गेली.

अशा माणसाशेजारी बसून काकू गुडघ्याबद्दल बोलणार, म्हणजे देवळात जाऊन भोंगा वाजवण्यासारखंच. उस्ताद स्टिअरिंगवरून नजर न काढता म्हणायचे, "गप्प बस गं जरा, इंजिन ऐकू दे." हे वाक्य काकूंनी सगळ्या संसारात इतक्यांदा ऐकलं की तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

शेवटी उस्तादांनी त्यावर तोड काढली. घरच्या जुन्या पिकअपला पुढे ड्रायव्हर धरून तिघांची जागा. मधल्या जागेवर पान्यांची पेटी, कारण ती मागे ठेवली तर खडखडते. कडेला मुलगा, कारण तो जन्मतःच मुखदुर्बळ. उरल्या काकू. त्या मागच्या हौद्यात, स्टेपनीच्या टायरवर, डोक्याला ओढणी गुंडाळून. "मोकळी हवा लागते तिला," असं उस्ताद लोकांना सांगायचे. काकूही हसून मान डोलवायच्या. त्या मागे बसून वाऱ्याशी बोलायच्या. वारा निदान गप्प बस म्हणत नाही.

हे असंच चाललं असतं. पण मुलीनं डोंगरावरच्या गावात घर घेतलं आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. वर जायचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला. सगळा चढ काकूंनी हौद्यात काढला. दारात उतरल्या तेव्हा पापण्यांपासून चपलांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मुलीनं दार उघडलं, आधी ओळखलंच नाही, मग खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली. आईला न्हाणीत पाठवून ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, स्पष्ट सांगते. पुढच्या वेळी आईला सामानासारखं हौद्यात घालून आणलंत, तर मी दार उघडणार नाही."

"बघू," उस्ताद म्हणाले.

या "बघू"बद्दल जरा सांगायला हवं. उस्तादांचं हे "बघू" मागच्या काही वर्षांतलं. अहो, चहा टाकू का? बघू. अहो, पंखा बंद करा. बघू. अहो, पलीकडचे आजोबा गेले हो! बघू. त्या दिवशी काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. उस्ताद निवांत सुपारी कातरत बसले होते. काकू हादरल्या. आजोबांसाठी नव्हे, ते बिचारे पिकलं पान होते. उस्तादांना ऐकूच आलं नव्हतं. "काय म्हणालीस?", "पुन्हा सांग", असं विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून सगळ्याला एकच उत्तर, बघू. चुकलं तरी फारसं चुकत नाही.

डेपोतल्या इंजिनांनी नाव दिलं आणि त्याच इंजिनांनी कान नेला. मुलाला हे कळलं होतं. त्यानं एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, कान एकदा तपासून घेऊ या का?" नेमकं तेवढं वाक्य उस्तादांना स्वच्छ ऐकू आलं. ताटावरून उठले ते उठलेच, आणि सगळा हिवाळा मुलाशी बोलले नाहीत. मुलगा मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे बाहेरच्यांना फरक कळला नाही. पण काकूंना कळला. कानाचा विषय घरातून हद्दपार झाला.

असो. मुलीचं बोलणं मात्र उस्तादांच्या जिव्हारी लागलं. डोंगरावरून परतल्यावर ते अंगणात उभे राहिले, जुन्या पिकअपभोवती फिरले, हौद्यातल्या स्टेपनीकडे बघितलं आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "तुझ्यासाठी गाडी बांधतो. चार दारांची."

"बांधता? घर आहे का ते?"

"पुढे दोन दारं, मागे दोन दारं. मागे आख्खी सीट, तुझी एकटीची. वर छप्पर, काचा, सगळं." मग आवाज मवाळ करून पुढे म्हणाले, "तिथे बसून कितीही बोल. पुढे काही ऐकू येणार नाही."

म्हणजे बघा. नवरा बायकोसाठी गाडी बांधतोय, केवढं प्रेम! आणि बांधतोय कशासाठी, तर तिचं बोलणं कानावर येऊ नये म्हणून. काकूंना रडावं की हसावं कळेना. त्या म्हणाल्या, "बघू."

काम सुरू झालं आणि अंगण गेलं. कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवर गेल्या, कुंड्या भिंतीला चिकटल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भंगारातून आणलेल्या दोन केबिनी शेजारी शेजारी येऊन बसल्या. एक पाठीमागे चेपलेली, दुसरी तोंडावर. उस्तादांनी एकीचं तोंड ठेवलं, दुसरीची पाठ ठेवली, मधलं सगळं ग्राइंडरनं कापून टाकलं आणि दोन्ही अर्धी एकमेकांना वेल्डिंगनं जोडली. घरच्या जुन्या पिकअपची चासी मागे लांबवली, तिचाच हौदा तोडून निम्मा केला. तरी गाडी एवढी लांब झाली की तिच्या मागच्या चाकाला वळसा घातल्याशिवाय न्हाणीत जाता येईना. गल्लीतला जो येईल तो फाटक बघायचा, गाडी बघायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, ही बाहेर निघेल ना?" उस्तादांनी फाटक आधीच मोजलं होतं. तेवढं एक त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दारं चारही मिळाली, पण चार गाड्यांची. एकाचं हँडल वर ओढायचं, एकाचं आत दाबायचं, तिसरं उघडताना खांदा लावावा लागे, आणि चौथं आतूनच उघडे. "चोराला समजणार नाही कुठलं कसं उघडतं," उस्ताद अभिमानानं म्हणायचे. चोराचं जाऊ द्या, घरच्यांनाही समजत नव्हतं.

मागच्या सीटचं माप मात्र त्यांनी असं घेतलं की काकू आजही सांगताना लाजतात. त्या ओट्याशेजारच्या खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या. उस्ताद सुतळी घेऊन आले, पाठीला लावली, मांडीला लावली, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत सोडली आणि गाठी मारून निघून गेले. लग्नात ब्लाउजचं मापसुद्धा एवढ्या काळजीनं घेतलं नव्हतं कुणी. त्या गाठींवरून सीटवाल्यानं सीट शिवली. हा सीटवाला गल्लीच्या तोंडाशी बसतो, रिक्षा-टेम्पोच्या सीटा शिवतो, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं उस्तादांच्या सांगण्यावरून दुखऱ्या गुडघ्याखाली वेगळी उशी घातली आणि ही गोष्ट त्याच दिवशी सगळ्या गल्लीला सांगून टाकली. बायका काकूंना चिडवायला लागल्या. काकू वरवर रागावायच्या आणि घरी येऊन हळूच त्या उशीवरून हात फिरवायच्या.

इंजिन एका मोडीत निघालेल्या माल-टेम्पोचं होतं. डिझेलचं, जुन्या चालीचं, ज्यात तारा आणि कॉम्प्युटर नाही, नुसतं लोखंड. उस्तादांनी ते नट अन् नट उघडून, धुऊन, नव्यानं जोडलं. साखळीच्या कप्पीनं उचलून जागेवर बसवलं. आणि एका सकाळी, शेजारीपाजारी फाटकात जमलेले असताना, त्यांनी चावी फिरवली.

काकू आत पीठ मळत होत्या. इंजिन लागलं आणि त्यांचे हात परातीतच थांबले.

त्यांच्या खिडकीखाली उस्तादांनी आयुष्यभर इंजिनं चालवली होती. इंजिनांच्या आवाजात काकूंनी मुलं वाढवली, स्वयंपाक केला, तापात झोपल्या. निरोगी डिझेल इंजिन कसं बोलतं हे त्यांना विचारायला नको होतं. हे बोलत नव्हतं, हे बडवत होतं. आत कुणी घण घेऊन बसावं तसा ठणठणाट. मांडणीवरच्या डब्यांची झाकणं उडायला लागली.

त्या हात पुसत बाहेर आल्या. उस्ताद बॉनेटमध्ये वाकून, सळईचं एक टोक इंजिनाला आणि एक टोक कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून उभे होते. चेहऱ्यावर कसलं समाधान! डिझेलचा पंप जरा पुढे-मागे फिरवून टायमिंग लावतात. पुढे गेला की इंजिन ठोकायला लागतं, मागे घेतला की निवतं. शहाणी माणसं ते यंत्रानं मोजतात. उस्ताद यंत्राला हात लावत नसत, पंपावर खूणसुद्धा करत नसत. "खुणा शिकाऊ पोरं करतात," म्हणायचे. कानाला लागेल तिथे पंप थांबवायचा, ही त्यांची पद्धत. इंजिनाची बारीकशी टकटक त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली होती, आणि ती तशी ऐकू येईपर्यंत ते पंप फिरवत राहिले. आता ती टकटक त्यांच्या कानापर्यंत पोचायची म्हणजे इंजिनाला किती बोंबलावं लागलं असेल, तुम्हीच बघा.

उस्तादांनी डोळे उघडले. "कसं?"

फाटकात सगळी गल्ली उभी होती. वाणी होता, सीटवाला होता, समोरच्या टेम्पोवाल्याचे तर हात कानावर जाता जाता राहिले. प्रत्येकाला कळत होतं. आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की गल्लीतलं प्रत्येक इंजिन उस्तादांनी कधी ना कधी फुकट दुरुस्त केलेलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? सीटवाला पुढे झाला आणि ओरडून म्हणाला, "उस्ताद, वाघ आहे वाघ!" झालं. सगळ्यांनी माना डोलवल्या. मुलानं खाली बघितलं.

त्या संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघरात येऊन आईच्या शेजारी उभा राहिला. "आई, गल्लीत फिरवायला ठीक आहे. पण भरल्या गाडीनं डोंगर चढायचा झाला तर हे इंजिन टिकणार नाही. वाटेत पिस्टन फुटेल."

"मग सांग ना त्यांना."

"मी?" मुलगा म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघून गेला.

काकूंनी मुलीला फोन लावला, तर तिकडून उत्साहच उत्साह. येत्या रविवारी या, सगळे या, आई मागे राणीसारखी बसलेली मला बघायचीय. काकूंना इंजिनाची चिंता नव्हती. इंजिन काय, लोखंड. फुटलं तर दुसरं आणता येईल. पण ज्या माणसानं जन्मभर कानाच्या जोरावर मान ताठ ठेवली, त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली गाडी स्वतःच्याच कानामुळे अर्ध्या चढावर फुटली, पोराबाळांसमोर, तर तो माणूस पुन्हा पाना हातात घेईल का? काकूंना ते डोळ्यांसमोर दिसायचं.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. काकूंनी सीटवाल्याला गाठून समजावलं, की बाबा रे, तू परका, तू सांग. सीटवाला छातीवर हात ठेवून "आत्ता सांगतो" म्हणाला, अंगणात गेला, उस्तादांनी त्याला हौशीनं गाडी चालू करून दाखवली, आणि हा गडी "वाघ आहे वाघ!" म्हणून परत आला. मग काकूंनी स्वतः आडून सुचवून पाहिलं. "अहो, गाडीनं डबे वाजतात हो घरातले." उस्ताद म्हणाले, "बघू." आणि मांडणीला दोन खिळे ठोकून गेले.

मग काकूंनी ठरवलं की बोलून उपयोग नाही. आता ही बाई काही बोलायची नाही म्हणते, यावरूनच प्रकरण कुठवर गेलं होतं ते समजा.

दुपारी जेवून उस्ताद आडवे झाले. काकू अंगणात आल्या, पेटीतून तेरा नंबरचा पाना काढला. कुठला नट कुठल्या पान्याला लागतो हे त्यांनी खिडकीतून हजारदा बघितलेलं. नट सैल केले, पंप केसभर मागे घेतला, नट कसले. चावी फिरवली. इंजिन लागलं आणि असं गोड चालायला लागलं की काकूंनी गाडीलाच शाबासकी दिली. पटकन बंद करून पदर सावरून त्या आत गेल्या. उस्ताद घोरत होते. न ऐकू येण्याचे काही फायदेही असतात.

संध्याकाळी उस्तादांनी गाडी लावली, कान दिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "आवाजच गेला हिचा! कमजोर पडली." लगेच पाना घेतला आणि पंप पुढे. पुन्हा घण सुरू.

दुसऱ्या दुपारी काकूंनी मागे घेतला. संध्याकाळी उस्तादांनी पुढे घेतला. नट हादऱ्यानं सैल होतात अशी त्यांची समजूत झाली, म्हणून त्यांनी खाली स्प्रिंग वॉशर घातले. काकूंना जरा जास्त जोर लागला, पण पंप मागे गेला. मग उस्तादांनी नटावर नट चढवला. काकूंनी तोही काढला आणि काम झाल्यावर तसाच परत चढवला, कारण कुणाच्या कामाची वाट लावलेली त्यांना आवडत नाही. एकीकडे संसार चालला होता, चहा होत होता, बोलणं होत होतं, आणि अंगणात दोघं नवरा-बायको एकाच पंपाला उलटसुलट ओढत होती. मुलाला सगळं दिसत होतं. तो कामावरून आला की आधी गाडीकडे कान द्यायचा आणि आज कुणाचा दिवस आहे ते ओळखून हात धुवायला जायचा.

शनिवारी घोळ झाला. काकू पीठ मळत असताना त्यांना उस्तादांचं घोरणं ऐकू आलं. आज लवकर झोपले, आत्ताच उरकून घेऊ, म्हणून त्या तशाच उठल्या, हात फडक्याला पुसले न पुसले आणि पंप मागे घेऊन आल्या.

संध्याकाळी उस्तादांनी पेटी उघडली आणि तेरा नंबरचा पाना उचलला. काकू खिडकीत होत्या. उस्तादांनी पाना डोळ्यांजवळ नेला. नखानं त्यावरचं काहीतरी खरवडलं, बोटात चुरगाळलं. वाळलेलं पीठ. त्यांनी पंपाकडे पाहिलं. नटावरही पीठ होतं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

काकूंना वाटलं, संपलं. आता ताट भिरकावतील, आता हिवाळाभर बोलणार नाहीत, काय वाट्टेल ते होईल. त्यांनी उगाचच कढईत उलथनं फिरवलं. कढई रिकामी होती.

उस्ताद आत आले. ओट्यावरचा स्टीलचा पेला घेतला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि बाहेर नेऊन इंजिनाच्या झाकणावर ठेवला. गाडी चालू केली. काकूंनी मागे घेतलेला पंप तसाच होता. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती, थेंब सांडत नव्हता. उस्ताद कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नट सैल केले आणि पंप पुढे घेतला, आपल्या कानाला लागतो तिथपर्यंत. पाणी उसळलं. पेला नाचत नाचत कडेला गेला आणि खाली पडला.

त्यांनी गाडी बंद केली. पायरीवर बसून राहिले, पाठमोरे, खांदे खाली सोडून. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. काही वेळानं उस्ताद उठले, पडलेला पेला उचलला, नळावर स्वच्छ धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. या माणसानं लग्नानंतर धुतलेलं हे पहिलं भांडं. काकूंना त्याची जास्तच भीती वाटली.

जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "अहो, उद्याचं काय? जायचं ना?"

"बघू," उस्ताद म्हणाले. पण या वेळी त्यांना ऐकू आलं होतं, हे काकूंना समजलं.

रविवारी सकाळी गाडी फाटकाबाहेर काढली. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली आणि ती बघायला जमलेली मंडळी जराशी हिरमुसलीच. गाडी घण बडवतच बाहेर आली, कारण पंप आदल्या दिवशी पुढे घेतला होता तिथेच राहिला होता. सामान अर्ध्या हौद्यात गेलं. मुलगा सवयीनं पुढे बसला. काकूंना चौथं दार आतून उघडून द्यावं लागलं. त्या त्यांच्या मापाच्या सीटवर बसल्या, उशी गुडघ्याखाली घेतली. बायका बाहेरून "राणीसाहेब!" म्हणून चिडवत होत्या.

उस्ताद मात्र बसायला आले नाहीत. इंजिन चालूच ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं. पेटीतून पाना काढला, सगळ्या गल्लीदेखत पंपाचे नट सैल केले, आणि हाक मारली, "अगं ए, खाली ये."

काकू उतरल्या. आपल्याच लग्नात उभं राहिल्यासारख्या त्या इंजिनासमोर उभ्या राहिल्या.

उस्तादांनी एक हात पंपावर ठेवला. सळई घेतली नाही. डोळे मिटले नाहीत. इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, काकूंकडे बघत होते. "सांग," ते म्हणाले.

सीटवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"मागे घ्या," काकू पुटपुटल्या.

"मोठ्यानं."

"मागे घ्या! अजून. अहो, अजून. हां. नाही, जास्त झालं, जरासा पुढे. थांबा! थांबा, बस्स."

इंजिन निवलं. उस्तादांनी नट कसले आणि हात पुसले. "वाघ..." सीटवाल्यानं तोंड उघडलं. उस्ताद म्हणाले, "तू गप्प बस रे. इतके दिवस वाघ वाघ करत होतास." आणि मग गाडीकडे वळून त्यांनी मुलाला सांगितलं, "तू मागे जा."

"मी?"

"मागे जा म्हटलं. पेटी पण मागे घे. खडखडली तर खडखडू दे."

मुलगा मुकाट्यानं पेटी उचलून मागे गेला. काकू बावरून म्हणाल्या, "अहो, मागची सीट माझ्या मापानं केलीय ना? एवढी सुतळी लावलीत, उशी घातलीत..."

"उशी पुढे आण."

"पण मी बोलते हो. तुम्हाला इंजिन ऐकू..."

"नाहीच येत ऐकू," उस्ताद म्हणाले. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, साध्या आवाजात. "मला इंजिन ऐकू येत नाही आता. तुला येतं. या बाजूचा कान अजून थोडा शिल्लक आहे, त्या बाजूला बस."

काकू पुढे बसल्या. इतकी वर्षं हौद्यातून मागे पळणारा रस्ता बघितलेल्या बाईला समोरून येणारा रस्ता बघून गांगरल्यासारखं झालं. गाव संपलं, चढ सुरू झाला, पहिलं वळण गेलं, तरी त्या गप्पच. पदराचं टोक डोळ्यांना लावून बसलेल्या. मागे मुलगा आईच्या मापाच्या सीटवर तंगड्या पसरून झोपी गेला होता.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं. "आवाज बिघडला का?"

"नाही. छान चाललंय."

"मग बोल की. बोलत राहा. तू गप्प झालीस की मला वाटतं काहीतरी बिघडलं."

मग काय विचारता! काकूंनी आधी गॅस बंद केल्याचं सांगितलं. मग गुडघ्याचं सांगितलं. मग हौद्यातल्या धुळीचं, तिथून दिसणाऱ्या आभाळाचं, पलीकडचे आजोबा गेले त्या दिवसाचं, दुपारी पाना घेऊन चोरासारखं अंगणात जाण्याचं. बोलता बोलता दर वळणाला मध्येच थांबून "छान चाललंय हो" म्हणायच्या आणि पुन्हा जिथे सोडलं तिथून धरायच्या. उस्ताद मान डोलवत होते, काही ठिकाणी बरोबर, बऱ्याच ठिकाणी चुकीची.

काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी थांबून विचारलं, "अहो, एवढं मी बोलतेय, ऐकू तरी येतंय का तुम्हाला?"

उस्तादांच्या ओठांवर "बघू" आलं होतं. काकूंना ते दिसलं. ते त्यांनी गिळलं, गिअर बदलला, आणि डोकं थोडं काकूंच्या बाजूला झुकवून म्हणाले, "सगळं नाही आलं. पुन्हा सांग."